सुभेदारांचं पिस्तूल काचेत नको

बंधूंनो, भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या शालनकाकू,

सुभेदार रंगराव गेले. ह्या वाक्यानंतर काय बोलायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. हातात माईक आला की मी गप्प बसत नाही, अशी कराड-मलकापुरात माझी ख्याती आहे. म्हणूनच आपले क्लबाध्यक्ष बापूसाहेब माझ्या आधीच्या वक्त्याला म्हणाले, "सावकाश बोला." मला म्हणाले, "थोडक्यात." आज मी खरोखर थोडक्यातच बोलणार होतो. बापूसाहेब, खूश होऊ नका. 'होतो' म्हणालो.

इथं निम्मे आपल्या नेमबाजी क्लबचे आहेत, निम्मे सुभेदारांच्या भावकीतले. भावकीसाठी सांगतो. फौजेतून निवृत्त होऊन सुभेदार ऊस बघायला गावी आले. ऊस भावानं बघितला. सुभेदारांनी आम्हाला बघितलं. पॉइंट बावीसचं छोटं पिस्तूल, समोर कागदाचं टार्गेट, आणि मागं सुभेदारांचा आवाज. तिघांत सगळ्यात मोठा आवाज सुभेदारांचा.

आता मुद्द्याचं. थोड्या वेळापूर्वी बापूसाहेबांनी जाहीर केलं की सुभेदारांचं पिस्तूल स्मृती म्हणून क्लबच्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायचं. आत मखमल, वर दिवे. पेटीचं माप सुताराला देऊनही झालं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! सुभेदारांचे चिरंजीव संजय पुण्याहून आले आहेत, त्यांनी मान डोलावली. त्यांच्या आईनं, शालनकाकूंनी, डोलावली नाही. मी बघत होतो.

काकूंना ते पिस्तूल हवं आहे. बघायला नाही, चालवायला.

कुजबुज ऐकू येतेय मला. कुजबुजा. मी थांबतो.

झालं? बरं.

मी त्या रेंजवर पहिल्यांदा गेलो तो भांडायला. हत्यार ही माणसाच्या बुद्धीची हार आहे, असं मी चौकाचौकांत सांगत होतो, आजही सांगतो. सुभेदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, झालं आसंल तर ह्ये धरून बघा. रिकामं हाय." मी हात पुढं केला. त्यांनी पिस्तूल मागं घेतलं. "मी म्हनलं रिकामं, आन तुमी इस्वास ठिवला? एवढी पुस्तकं वाचून? सोता उघडून बघा. माझ्यावर न्हाई, देवावर न्हाई, कुनावर इस्वास ठिवायचा न्हाई. नळी टार्गेटाकडं, बोट घोड्याच्या भाईर, आन मग बोला."

मित्रहो, शंका घ्यावी, खात्री करावी आणि मग बोलावं, हे मी आयुष्यभर तरुणांना सांगत आलो. मला ते पहिल्यांदा कुणी हातात धरून करायला लावलं असेल, तर ह्या माणसानं.

बापूसाहेबांनी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांची आणि सुभेदारांची जी जुंपली, ती मी ऐकली आहे. बापूसाहेबांना मोठं, चकचकीत, लांब नळीचं हवं होतं. सुभेदारांनी विचारलं, "वरातीत न्यायचं हाय का रेंजवर?"

"अहो सुभेदार, जरा भारदस्त दिसायला नको का?"

"तुमी हाय की भारदस्त. त्येला कशाला लावताय?"

बापूसाहेब, तुम्ही हसताय म्हणजे आठवतंय. पुढं सुभेदारांनी काय केलं? ऊसतोडीच्या कोयत्याची मूठ निवडतात तसा तुमचा हात उलटासुलटा करून पाहिला. रिकामं पिस्तूल तुमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "डोळं मिटा. हात टार्गेटाकडं उचला. आता उघडा." तुमच्या चकचकीत पिस्तुलाची नळी पार कोयनेकडं बघत होती. दुसरं दिलं, साधं, काळं. डोळे उघडले तर नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच आपोआप एका रेषेत, टार्गेटावर. "ह्ये तुमचं. हातानं निवडलंय. डोळ्यानं निवडलं की फशीवतंय."

आणि एक म्हणाले होते. "ज्येचा सुटा भाग मिळत न्हाई, त्ये हत्यार न्हवं, पावना हाय. नुसतं संबाळायचं आन गप बसायचं." बापूसाहेबांनी साधं, काळं घेतलं. घरी गेल्यावर त्यावर चकचकीत मूठ बसवली, तो भाग वेगळा.

गोळ्यांचंही तसंच. आम्ही विचारायचो, कुठली चांगली? ते म्हणायचे, "एका म्हशीला सरकी चालती, दुसरी तोंड लावत न्हाई. थोड्या थोड्या मारून बघा. पिस्तूलच सांगतंय." कंटाळा आला की आम्ही रिकामा घोडा टक टक दाबत बसायचो. मग ते कडाडायचे, "सलूनवाल्याची कात्री हाय व्हय, रिकामी वाजवायला?" ह्या काडतुसाची दारू पेटते ती बुडाच्या कडेवर ठोका बसून. आत काडतूस नसलं की तोच ठोका पिस्तुलाच्या स्वतःच्या कडेवर बसतो आणि ती चेपते. पिस्तूल स्वतःलाच मारत राहतं. किती माणसं अशी असतात! पण तो विषय आज नको.

आणि मग ती खंडेनवमी आली.

आपल्याकडं खंडेनवमीला कोयता, विळा, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. मग पिस्तुलांनी काय पाप केलंय? बापूसाहेबांनी चौरंग मांडला. सगळी पिस्तुलं ओळीनं ठेवली. सुभेदार भाच्याच्या गावी गेलेले. अडवणारं कुणी नव्हतं. हळद वाहिली. कुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या. नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. एक उत्साही सभासद, नाव घेत नाही, तो समोरच मान खाली घालून बसलाय, त्यानं नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं. फार देखणं दिसत होतं. फोटो आहेत.

पुढच्या रविवारी सांगलीत स्पर्धा होती. बापूसाहेबांनी घोडा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. सांगलीकर मागं हळूच म्हणाले, "कराडचं पिस्तूल उपास धरून आलंय." उघडून बघतात तर आत तेल, हळद आणि कुंकू यांचं गंध तयार झालेलं, आणि त्या गंधात अक्षता. गोळीच्या जागी तांदूळ!

सुभेदार ओरडतील असं आम्हाला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी सगळी पिस्तुलं घरी नेली, ओसरीवर सतरंजी टाकली आणि साफ करायला बसले. सोनार दागिना बघतो तसं एकेका खाचेत बघत होते. शेजारी काकू बसल्या. काकू काही मदतीला बसल्या नव्हत्या, त्या चुका काढायला बसल्या होत्या. सुभेदारांनी तेलाची बाटली उचलली की काकू म्हणायच्या, "आवं, पिस्तूल हाय का लोनचं? किती वततायसा? तेलातच तर चिकटलंय समदं."

"फौजेत मी चाळीस पोरांना शिकवलंय."

"फौजेत सरकारचं तेल हुतं."

सुभेदारांनी बाटलीला बूच लावलं. त्या दिवसापासून तेल एक थेंब, आणि तोही पुसून घ्यायचा. नळी पुसायचा गज नेहमी मागच्या बाजूनं घालायचा, तोंडाकडून घालून नळीची कड घासायची नाही. आणि रोज खरवडत बसायचं नाही. क्लबच्या भिंतीवर सुभेदारांचे म्हणून जे नियम लावलेत, त्यातला तेलाचा नियम काकूंचा आहे. हे मी आज जाहीरपणे सांगतो. सुभेदार असते तर त्यांनीही मान्य केलं असतं. काकू समोर नसताना.

पुढं काकू रेंजवर येऊ लागल्या. पहिल्या दिवशी पिस्तूल हातात घेऊन म्हणाल्या, "ह्ये एवढंच? आमचं मुसळ जड हाय." आणि मारलं. सगळ्या गोळ्या एका वाटीत बसतील इतक्या जवळ. सुभेदारांनी टार्गेट उन्हात धरलं, आरपार बघितलं आणि म्हणाले, "गेलं. माझं पिस्तूल गेलं आता." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी हजार पुस्तकांत वाचलं नाही.

आता मला सांगा, हे पिस्तूल काचेत ठेवणार?

कायदा ऐका. पिस्तूल आत्ता पोलीस ठाण्यात जमा आहे, तसंच हवं. काकू वारस म्हणून परवान्याचा अर्ज करू शकतात. त्याला संजयची संमती लागेल. आणि शोभेला ठेवायचं असेल, तर ते आधी कायमचं निकामी करावं लागेल. नळी बुजवावी लागेल. वेल्डिंग! ज्या नळीत त्यांनी गज कधी तोंडाकडून घातला नाही, तिच्यात तुम्ही वितळलेलं लोखंड ओतणार आणि वर हार घालणार? खंडेनवमीला तुम्ही तांदूळ भरलेत, ते निघाले तरी. हे निघणार नाही.

आपल्याला ही काय खोड लागली आहे? जिवंत असताना माणसाचं ऐकायचं नाही, आणि मेल्यावर त्याची वस्तू काचेत कोंडायची! चष्मा काचेत, काठी काचेत, पेन काचेत. कुणी विचारतं का, की ह्या पेनानं आता कोण लिहिणार? मखमलीत दमट हवा धरते, लोखंड गंजतं, हे सुभेदारांनी दर पावसाळ्यात सांगितलं. आणि तुम्ही मखमलीचंच माप दिलंत! आदर करण्याच्या नादात आदराची वस्तू मारून टाकायची, ह्यात आपला हात कुणी धरणार नाही.

संजय, तुझी काळजी मला कळते. आई एकटी, घरात हत्यार, लोक काय म्हणतील. काल तू आईला म्हणालास, "आई, ह्या वयात?" आणि काकू काय म्हणाल्या ते दारातून मी ऐकलं. "आरं, मानूस गेला. हात न्हाई गेलं माझं. त्या मुठीला त्येंचा हात लागलाय. तिथं माझा ठिवला की बरं वाटंल." नियमानं कपाट येईल, कुलूप येईल, प्रशिक्षणाचा दाखला येईल. सगळं करू. पण बाळा, ती मूठ आईच्या हातातून काढून काचेत घालू नकोस.

काय म्हणालात बापूसाहेब? वेळ संपली? संपवतो.

शोकसभेत मतदान घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण उभं राहून शांतता पाळतात, हेही ठाऊक आहे. तेव्हा आता सुभेदार रंगरावांसाठी आपण उभं राहू. जो उभा राहील, तो काकूंच्या बाजूचा, असं मी धरून चालणार आहे. ज्यांना काचेची पेटी हवी, त्यांनी खुशाल बसून राहावं. सुभेदारांच्या श्रद्धांजलीला बसून राहिलेली माणसं भावकी ध्यानात ठेवील, एवढंच सांगतो.

उठा. गुडघे दुखणाऱ्यांनी हात धरून उठा. बापूसाहेब, तुम्ही उठलात! फार मोठं मन तुमचं. पेटीत क्लबच्या ढाली ठेवू.

संजय... शाबास.

काकू, सगळे उभे आहेत. मागं वळून एकदा बघून घ्या.

सुभेदारसाहेब, तुम्हाला सलाम. आता कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.