गेरूनं लिहिलेली तारीख

नाही हो ताई, इकडं कुणी मलेरियाचा माणूस आलाच नाही — हे मी तुम्हाला दारातच सांगितलं, आता भाकरी मोडता मोडता तेच परत विचारताय. फौजदार येऊन गेले, त्यांनाही हेच सांगितलं. बसा, पानावरून उठू नका. घरात आज मीच आहे — मामा, म्हणजे माझे सासरे, नि आमचे हे, दोघं गाडी जुंपून अणदूरच्या बाजाराला गेलेत, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, आत पडून असतात, कुणाशी बोलत नाहीत — म्हणून तर तुम्हाला आत घेतलं, नाहीतर आमच्या मळ्यात परकं माणूस घेत नाहीत. कुत्रं बघितलंत ना? — अगबाई! काय पडलं? … काही नाही, मांजर. उतरंडीवरची झाकणी पाडली मेल्यानं. मला आताशा असंच होतं, कुठं खुट्ट वाजलं की आधी दाराची कडी बघते.

राघवेंद्र ना तुमच्या यजमानांचं नाव? आणि तुम्ही प्रेमला. तुळजापूरहून एकट्या आलात, धीराच्या आहात. ऑफिसातल्या कागदावर लिहिलंय म्हणता — दहा फेब्रुवारी, अणदूर शिवार, कल्याणप्पांचा मळा — लिहिलं म्हणजे आले असं थोडंच असतं? कागदावर काय, काहीही लिहिता येतं. मी सांगू का, राग मानू नका — पुरुषमाणूस आहे. मुंबईला गेले असतील. जातात. सहा महिन्यांनी पत्र येतं, नाहीतर येतही नाही. लोकही तेच म्हणतात ना तुमच्या गल्लीत? तोंडावर नसतील म्हणत. रडू नका हो, भाकरी वाळतेय. ठेचा नको? राहू द्या, जबरदस्ती नाही. त्यांनाही तिखट सोसायचं नाही, असाच बोटानं कडेला सारला नि नुसत्या दुधाशी भाकरी —

… काय म्हणाले मी?

हात सोडा. हात सोडा म्हणते ना! — बरं. आले होते. जेवले, पाणी प्यायले, गेले. झालं? त्यात लपवण्यासारखं काय — नाही, लपवलं, कबूल आहे, पण कारण होतं, आमच्या घरची लाज होती. तुम्ही हसाल. तेही हसले होते. हसले नसते तर — बसा. खाली बसा आधी, सांगते. दोन महिने झाले, मी कुणाशी चार वाक्यं सलग बोलले नाही. सोलापूरला कॉलेजात होते, इंटरपर्यंत शिकले, वादविवादात ढाल मिळवलेली मुलगी मी, सरोजिनी, आणि इथं बोलायला कोण? म्हशी.

अष्टग्रही आठवते ना? — कुणाला नाही आठवत. मकर राशीत आठ ग्रह एका जागी येणार, पौषाच्या अवसेला प्रलय होणार. तुमच्या तुळजापुरात तर होमांचा धूर मावत नव्हता म्हणे. इथं घरात वाचता येणारी एक मीच. मामांनी सोलापूरचं वर्तमानपत्र लावलं आणि रोज दिवेलागणीला मला समोर बसवून वाचून घ्यायचे — तीन वर्षांत या माणसानं माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं हो, सून म्हणजे शेणाची पाटी, तेवढंच — आणि आता म्हणायचे, "सूनबाई, म्होरं काय लिवलंय? सावकास वाच." आमचे हे खांबाला टेकून ऐकायचे, आत्याबाई चूल सोडून यायच्या. मग मी थोडं पदरचं घालायला लागले. भूगोलातलं. पृथ्वीचा आस कलेल, समुद्र सह्याद्री चढून येईल, विहिरी आटतील, उरलेली माणसं एका घागरीसाठी एकमेकांचे गळे धरतील. पेपरात असं नव्हतं. पण मी वाचताना त्यांची तोंडं अशी व्हायची ना — आणि एकदा वाचलं की मलाही खरंच वाटायचं. मला भीती लवकर वाटते. तेव्हाही वाटायची, आताही वाटते.

मामा म्हणाले, "गाव मरंल, मळा ऱ्हाईल." अवसेच्या दोन दिवस आधी गावातलं घर बंद करून आम्ही इथं आलो. वाटेवर आडवा चर खणला, चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली छातीएवढी, आणि ह्यांना माळ्यावर बसवलं — पाखरं राखायचा माळा, तो काय, अजून आहे — हातात गोफण, पायाशी दगडांचा ढीग. अवसेला दिवस मावळताना गावाच्या अंगाला आभाळ लालभडक झालं. कुणाची तरी कडब्याची गंज पेटली होती, हे मागाहून कळलं. तेव्हा मामांनी हात जोडले नि म्हणाले, "गेलं." दुसऱ्या दिवशी सडकेला मोटारीची धूळ नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ड्रायव्हर लोक भिऊन घरी बसले होते, पण माळ्यावरून ते कसं दिसणार? धूळ नाही म्हणजे मोटार नाही, मोटार नाही म्हणजे जग नाही. आम्ही चौघं, दोन बैल, तीन म्हशी, एक विहीर. खरं सांगू ताई? ते दिवस मला वाईट गेले नाहीत. मामा माझ्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. पाणी उकळायचं का, सूनबाई? वारा विषारी असंल का, सूनबाई? — आयुष्यात पहिल्यांदा मी या घरात माणूस होते.

चौथ्या दिवशी वन्सं आल्या. शिवम्मा, माझी नणंद, नळदुर्गला दिलेली, तान्हं लेकरू कडेवर. गावातल्या घराला कुलूप बघून काळजीनं चालत आली बिचारी. कुपाटीपलीकडनं हाका — "अव्वा, मी शिवी! अव्वा, काटं काढा!" आत्याबाई धावल्या. मामांनी त्यांचा दंड धरला नि म्हणाले, "ती न्हाय ती. शिवी मेली. तिचं रूप घेऊन आलंय पाणी मागाया." आणि माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणायचं होतं? वन्संच्या हातात कोऱ्या बांगड्या होत्या, ताई, हिरव्यागार — जगबुडीत कासार बसतो का दुकान मांडून? मला त्याच क्षणाला कळलं. सगळं कळलं. काही बुडालेलं नाही, आम्ही चौघं फक्त वेड्यासारखे काट्यांत बसलोय. आणि मी खाली बघितलं. ह्यांनी गोफण फिरवली. सख्ख्या बहिणीवर. पहिला दगड पायाशी पडला, दुसरा कपाळावर बसला. लेकरू वाचलं. वन्सं आता सांगतात, मला माहेर नाही. आणि आत्याबाई तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडल्यात.

दुसऱ्या दिवशी तुमचे यजमान.

लांबूनच ओरडत आले, "सरकारी माणूस! सरकारी माणूस आहे!" ह्यांनी दगड सोडला, खांद्याला लागला, तर खांदा चोळत हसून म्हणतात कसे — "अहो पाटील, मी पोपट नव्हे, तुमची ज्वारी खात नाही मी!" कुपाटीतनं वाट काढून आलेच आत. खाकी पिशवी, काचपट्ट्या, गेरूचा डबा. "ताप आहे का कुणाला? रक्त घेतो बोटाचं, मुंगी चावल्यागत होईल." मामा दगडासारखे उभे. आत्याबाई भिंतीकडं तोंड. मीच भाकरी वाढली त्यांना — ठेचा कडेला, दूध भाकरी — आणि खाता खाता त्यांनी विचारलं, हा चर कसला, हे काटे कसले? ह्यांनी माळ्यावरूनच सांगून टाकलं. भोळे आहेत आमचे हे. आणि तुमचे यजमान असे हसले, असे हसले, दूध नाकात गेलं. "तुळजापुरात पेढे वाटले लोकांनी, प्रलय टळला म्हणून! आणि तुम्ही —" मग मला बघितलं. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या दिसता. किती शिकलात?" मी म्हणलं, इंटर. "इंटर? आणि तुम्हीसुद्धा? फाट्यावर सांगतो आता, लोक तिकीट काढून बघायला येतील."

वाईट मनानं नाही म्हणाले ते. माहीत आहे मला. चेष्टेखोर होते ना घरीही? — हं. पण मला ती खाली जाणारी वाट दिसली. फाटा, चहाचं हॉटेल, अणदूरचा बाजार, सगळीकडं ते हसू आमच्या आधी पोचलेलं. मामा, ज्यांनी पोरीवर दगड घालायला लावला, ते मला विचारणार — तू वाचलंस ना? तूच वाचलंस ना? आणि परत शेणाची पाटी. पाटीसुद्धा नाही, ताई. मला जिवंत ठेवलं असतं का?

जेवण झाल्यावर त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहिली, प्रत्येक घरावर लिहितात तशी. दहा, दोन, बासष्ट. आणि हात धुवायला विहिरीवर गेले. मामा भिंतीपाशी आले. अक्षर येत नाही, पण दिवस मोजत होते ते, कोळशानं रेघा ओढून, अवसेपासून पाच. मला म्हणाले, "सूनबाई, काय लिवलंय? कितवी तारीख?"

मी म्हणलं, "दोन."

"दोन? अवसेच्या आदीची?"

"व्हय मामा. दोन तारीख."

बस्स. एवढंच. मामांनी मान हलवली, हळूहळू, आणि मला म्हणाले, "सरकारी माणूस तारीख चुकत न्हाय. ह्यानं मेलेल्याची पिशवी उचललीय. धान्य हुडकीत आलाय." मी नाही म्हणाले, हे त्यांनी ठरवलं. मी फक्त वाचलं.

पेव कधी बघितलंय तुम्ही? — नसेल, पुजाऱ्यांचं गाव तुमचं तुळजापूर, तिथं कशाला असेल. मुरमाड जमिनीत घागरीसारखं खोल खणायचं, तोंड माणूस जाईल एवढंच, आत ज्वारी भरायची, वर फरशी, फरशीवर चिखल लिंपायचा. वर्षानुवर्षं ज्वारी आत कोंडलेली असते, तिची वाफ धरते. फरशी काढली की दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. बारकं पोरही सांगेल इथलं. तुमच्या यजमानांना माहीत नव्हतं. मामा त्यांना गोड बोलून गोठ्यामागं घेऊन गेले — चार पायली ज्वारी घेऊन जा म्हणले, घरी बायको आहे ना, तुम्हीच उतरा, माझे गुडघे धरलेत, पोरगं माळ्यावर आहे. ते खूश! "बायकोला सांगतो, प्रलयातनं ज्वारी आणलीय." कमरेला दोरी स्वतःच बांधली.

भरदुपार होती, फरशी नुकतीच काढलेली. आत्याबाई — आदल्या दिवसापासून पडलेल्या, तेवढ्यापुरत्या उठल्या — मागच्या दाराशी येऊन कानडीत पुटपुटल्या, आधी दिवा सोडा, दिवा. मामांनी माझ्याकडं बघितलं. कंदील माझ्या हाताशी होता, गोठ्याच्या खुंटीला, भरलेला. मी म्हणलं, "रॉकेल संपलंय."

मामांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. चाळीस वर्षं पेवं उघडणारा माणूस तो. पण त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं, म्हणजे दोघांचंही झालं.

हसत उतरले. खालनं एकदा ओरडले, "लई उबट वास येतोय हो!" दुसऱ्यांदा काही तरी बोलायला लागले, ते अर्ध्यावर थांबलं. दोरी सैल पडली. ह्यांना शंका आली, माळ्यावरनं धावत आले, खाली वाकायला लागले तर मामांनी मागं ओढलं. मग आम्ही तिघांनी मुरूम टाकला. तिघांनी, होय, मीसुद्धा, माझ्या हाताला अजून घट्टे आहेत, बघा. भिंत मी शेणानं सारवली. पेवावर आता उकिरडा आहे.

ओरडा. ओरडा की. इथं कोण ऐकतंय, म्हशी. … झालं? पाणी प्या. मला वाटलं होतं, एकदा कुणाला सांगितलं की बरं वाटेल. नाही वाटलं. उलट तुमच्याकडं बघून भीतीच वाटतेय — तशा बघू नका माझ्याकडं!

फौजदारांना सांगणार म्हणता? सांगा ना. मामांनी गावात कधीच सांगून ठेवलंय, कल्याणप्पाच्या सुनेच्या डोक्यावर अष्टग्रहीपासून परिणाम झालाय, काहीबाही बरळते. सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवून आणलं मला, कागद आहे त्यांचा, मीच वाचून दाखवला घरी. फौजदारांनी आमच्या पडवीत बसून चहा पिताना तो बघितलाय. एका वेडीच्या शब्दावर कोण येतं उकिरडा उकरायला? आणि मला विचारलं कुणी, तर मी म्हणेन, ह्या बाई आल्या, रडल्या, जेवल्या, गेल्या. मी काही सांगितलं नाही. मला आठवतच नाही.

उठा आता. उन्हं कलली, गाडी परत यायची वेळ झाली, आणि वाट ही एकच आहे, मामा समोरूनच येतील. नमस्कार करा नि सरळ निघून जा. डोळे पुसा. — अहो, ते काय करताय! हात काढा कपाळावरनं! कुंकू नका पुसू इथं, मामांना बघता क्षणी कळेल मी बोलले ते. ते लावा परत. लावा म्हणते ना! घरी जाऊन काय ते पुसा. जा.