नायिकेला अडवू नये

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागे एक म्हातारं जोडपं भांडत होतं. बायको गेल्यापासून मला दुसऱ्यांची भांडणं ऐकायला आवडतात.

"अहो, काल ऑनलाइन फिल्म क्लबात सगळ्यांसमोर काय बोललात?"

"त्या युरोपियन सिनेमावर बोललो. बायको शेजाऱ्याबरोबर निघाली तर नवऱ्याने अडवू नये."

"म्हणजे मी निघाले तरी अडवणार नाही?"

"अगं, आपला शेजारी पाहिलास का? त्याला स्वतःचा जिना चढवत नाही."

"विषय बदलू नका. आणि सिनेमा पाहिलात कधी? निम्मा वेळ घोरत होतात. मीच माइक बंद केला."

"मग मी बोलताना का नाही केलास?"

"म्हटलं, कळू दे मनात काय आहे ते."

नर्सने आजोबांच्या डोळ्यांत थेंब घातले. "आता तासभर नीट दिसणार नाही हं."

"बरं झालं. मी निघाले."

"कुठे?"

"शेजाऱ्याकडे."

"अगं ए, हात सोडू नकोस!"

"अडवू नये म्हणालात ना?"

"ते सिनेमात गं!"

मग नर्स माझ्याकडे वळली. "काका, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

मी काही बोलायच्या आत मागून आजी म्हणाल्या, "घाला थेंब. आम्ही सोडू त्यांना घरी. मघापासून कान इकडेच आहेत त्यांचे, पुढचं भांडण रिक्षात ऐकतील."