गजूचा इंजिनाचा रूल

अर्धवट ज्ञान पाजळलं का काय होते, हे आमच्या डोणगावच्या गजूले विचारा. त्याले सायकलीची चेन चढवता येत नाही, पन रेसमधल्या कोन्या ड्रायव्हरचं कोनतं इंजिन, सारं तोंडपाठ. एक दिवस जीपच्या स्टँडवर म्हने, "तिकडं इंजिन बदललं का ड्रायव्हर सर्वायच्या मांगून सुटते. रूल म्हन्जे रूल!"

आठ दिवसांनं मेहकरच्या गाड्यायच्या शोरूममधी त्याची मुलाखत होती. आमच्या स्टँडवर जीपा नंबरानं सुटतेत, अन् भरल्याबिगर हालत नाहीत. गजूसाहेब पयल्या नंबरच्या जीपमधी, पुढच्या सीटवर. तेवढ्यात दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर ओरडला, "याच्या गाडीले कालच नवं इंजिन बसलं. ह्या गाडीचा नंबर आता शेवटी!"

गजू खाली उतरला. "अबे, वर्षाले दोन-चार इंजिनं माफ असतेत! त्याच्यावर गेलं तवाच शिक्षा!"

"मंग हे तवा काऊन नाही सांगतलं, भाऊ?"

झालं. गजूनं सारा रूल पयल्यापासून समजावला. ड्रायव्हर मान डोलावून राह्यला होता, अन् सवाऱ्या एकेक करून त्याच्या जीपमधी बसून राह्यल्या होत्या.

"हाव भाऊ, तुमचंच बराबर हाय," म्हनत त्यानं भरलेली जीप काढली.

पयल्या नंबरची जीप भरता भरता दुपार झाली, मुलाखत हुकली. वाद मात्र गजूनंच जिंकला.