तेजश्रीनं आजीसाठी आणलेलं

करुणा : पाणी राहू द्या आजी. मला आधी तेजश्रीला भेटायचंय. दोनच मिनिटं.

सरूबाई : घोड्यावर बसून आलीस व्हय गं? टेक की जरा. तेजू झोपलीया. तीन दिस तुमच्या त्या क्यांपात उंडारली, घरात आल्या आल्या पिशवी टाकली आन् आडवी झाली. तू कोन, तिची बाई का?

करुणा : हो. मी करुणा. मिशनच्या शाळेत शिकवते. मुलींच्या गाईड पथकाची कॅप्टन आहे. सुप्याच्या कॅम्पला मीच नेलं होतं त्यांना.

सरूबाई : मग दुपारी इंदापुरात गाडीतनं उतरवलीस की पोरीला. इतक्यात काय ऱ्हायलं?

करुणा : तिच्याकडे एक वस्तू राहिलीय. रुमालात गुंडाळलेली. घरी आल्यावर तिनं तुम्हाला काही दिलं का?

सरूबाई : दिलं की.

करुणा : काय?

सरूबाई : पांढरी पापडी हाय. रुपायाएवढी, आन् इतकी पातळ की फुकलं तर उडंल.

करुणा : आजी, तुम्ही ती खाल्ली का?

सरूबाई : अगं, तोंड किती उतरलं तुझं. इख हाय का त्यात?

करुणा : नाही हो. खाल्ली का, तेवढं सांगा.

सरूबाई : आंघूळ झाल्याबिगर देवाचं तोंडात घालत न्हाय मी. दुखण्यापायी आज दुपारपतुर उठवलंच न्हाय. सूनबाईनं पाणी तापत ठिवलंय. तवर देव्हाऱ्यात वाटीत ठिवलीया, वर ताटली झाकून. मुंग्या लई झाल्यात आमच्याकडं.

करुणा : देवाचे उपकार. आजी, ती मला परत हवीय.

सरूबाई : परत?

करुणा : हो.

सरूबाई : देवाचा परसाद कुनी परत मागतं का? आमच्याकडं कुनी देवाला जाऊन आलं तर घरच्या आजाऱ्याला आठवणीनं आणत्यात. पोरीनं तेच केलं. मला दोन म्हैनं झालं, घशाखाली घास उतरत न्हाय. चमच्यानं पेज घेती. डाक्टर म्हंतो नळी बारीक झाली. तेजू म्हणली, आजी, तिथं समद्याजणी हे जिभंवर ठिवत हुत्या. चावायचं न्हाय, आपसूक इरघळतं. हे तुला जाईल.

करुणा : असं म्हणाली ती?

सरूबाई : व्हय. स्वतः न खाता आणली तिनं. सुप्यापासनं खिशावर हात धरून बसली हुती म्हणं, मोडू नये म्हणून.

करुणा : मला वाटलं, गंमत म्हणून ठेवली असेल. तिच्या संघातल्या प्रगतीनं मला स्टँडवर सांगितलं, टीचर, तेजश्रीनं भाकर खाल्ली नाही, खिशात घातली. तुमच्या त्या पापडीला आम्ही भाकर म्हणतो. तेव्हा सगळ्या मुली पांगल्या होत्या. तशीच स्कूटर काढली मी. वाटेत थांबून फादरना फोन केला. ते म्हणाले, पोरीला एक शब्द रागावू नको, पण भाकर घेतल्याशिवाय परत येऊ नको.

सरूबाई : मग पोरीला दिलीच कुनी?

करुणा : मी. माझ्याच हातानं.

सरूबाई : आन् आता तूच न्यायला आलीस. भली बाई हाईस.

करुणा : चूक माझी आहे. आज रविवार. पथकात आमच्या ख्रिस्ती मुली अकरा, त्यांच्यासाठी सकाळी फादर आले आणि लिंबाखाली मिस्सा झाला. मिस्सा म्हणजे आमची उपासना. बाकीच्या मुलींना म्हटलं होतं, तंबूत बसा नाहीतर मागे बसा, तुमची मर्जी. त्या मागे बसल्या. भाकर घ्यायची वेळ झाली तशी रांग लागली. फादर एका बाजूला देत होते, मी एका बाजूला; मला तशी नेमणूक आहे.

सरूबाई : मग?

करुणा : तीन दिवस मीच घोकून घेतलं होतं, की जेवण असो, झेंडा असो, संघनायक पुढे आणि संघ तिच्या मागे. तेजश्री संघनायक आहे. तिच्या संघातल्या दोघी ख्रिस्ती मुली उठल्या, तशी ही त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. तिचं काय चुकलं? सगळ्यांचा गणवेश सारखा, स्कार्फ सारखे. माझी नजर खाली, पात्रावर. मला फक्त पुढे आलेले हात दिसले. मी म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर. तिनं आमेन म्हटलं. मी ठेवली हातावर.

सरूबाई : काय म्हणलीस? कुनाचं शरीर?

करुणा : आम्ही तसं मानतो, आजी. तुम्हाला ती पापडी दिसते. आमच्यासाठी तिथं देव आहे. चिन्ह म्हणून नाही, खराच.

सरूबाई : मग बरंच की. मला खऱ्याच देवाची गरज हाय.

करुणा : ती अशी कुणालाही देता येत नाही. बाप्तिस्मा झालेला लागतो, शिकवण झालेली लागते.

सरूबाई : म्हंजी आमच्या तोंडाला चालत न्हाय.

करुणा : तसं नाही हो.

सरूबाई : मग कसं? सांग की. तू मिशनच्या वस्तीतली ना? नाक वळखीचं वाटतंय. कुनाची तू?

करुणा : धोंडाबाईंची नात.

सरूबाई : आमच्या खळ्यावर यायची ती धोंडा?

करुणा : हो. तीच.

सरूबाई : आरं देवा. मी नवी नवरी हुते तवा. तिला दुपारची भाकरी द्यायचं काम माझ्याकडं हुतं. ती वट्याखाली पदर पसरून उभी ऱ्हायाची आन् मी वरनं टाकायची. हात लागू नये म्हणून. एकदा भाकरी मातीत पडली. तिनं उचलली, फुकली, पदरात घातली. माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

करुणा : आजीनं सांगितलं होतं मला.

सरूबाई : आन् आज तिची नात माझ्या देव्हाऱ्यातलं काढून न्यायला आलीया. फिटली म्हणायची.

करुणा : नाही आजी, फेड नाही ही. असं म्हणू नका, मला फार लागतं ते. वाटभर मला हीच भीती होती, की तुम्ही असंच समजाल. ऐका माझं. माझे मिस्टर अनुप, ते बौद्ध आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली. दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी येऊन बसतात. ते भाकर घेत नाहीत आणि मी त्यांना देत नाही. घरी येऊन एका ताटात जेवतो आम्ही. आमच्या स्वतःच्या मुलांनासुद्धा दोन वर्षं शिकून मगच मिळते.

सरूबाई : दोन वर्सं.

करुणा : हो.

सरूबाई : माझ्याकडं न्हाईत तेवढी.

करुणा : आजी...

मोहनराव : स्कूटर कुनाची ही दारात? टेम्पो आत घ्यायला जागा न्हाय.

सरूबाई : ये मोहन. तेजूच्या बाई आल्यात. हा माझा ल्योक गं, तेजूचा बाप.

मोहनराव : नमस्कार म्याडम. रविवारचं कसं काय येनं केलं? क्यांपात काय भानगड केली का तिनं?

सरूबाई : कसली भानगड. तेजूचा रुमाल राह्यला हुता बाईंकडं, तो द्यायला आल्यात.

करुणा : नाही आजी. माझ्यासाठी खोटं नका बोलू. मोहनराव, मी खरं काय ते सांगते, आधी सगळं ऐकून घ्या. आज सकाळी आमच्या उपासनेत माझ्या हातून चूक झाली. आमच्या धर्माची पवित्र भाकर मी तेजश्रीच्या हातावर ठेवली. ती फक्त ख्रिस्ती माणसानं घ्यायची असते. तिनं खाल्ली नाही, आजीसाठी घरी आणली. मी ती परत न्यायला आलेय.

मोहनराव : म्हंजी माझी पोरगी बाटवायला निघाला हुता तुमी.

करुणा : नाही. तिनं खाल्ली असती तरी तिचा धर्म बदलला नसता. तसं होतच नाही. चूक झाली ती आमच्या बाजूनं, आमच्या देवापाशी.

मोहनराव : गावाला कोन समजावनार हे? मिशनच्या शाळंत घातली तवाच चार जनांनी मला शाना म्हणून हिनवलं हुतं. मी म्हणलं, शिस्त लागंल, इंग्रजी सुदरंल. आता त्यांना आयतंच कोलीत मिळालं. कुनाकुनाला ठावं हाय?

करुणा : मला, फादरना आणि तिच्या संघातल्या प्रगतीला.

मोहनराव : मग इथंच मिटवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुठं हाय ती?

सरूबाई : देव्हाऱ्यात. अरं, हात धू आदी.

मोहनराव : धुतल्यात. हीच ना वाटी? कालव्याला पानी सुटलंय, घेऊन जातो आन् सोडून देतो. आपन निर्माल्य सोडतो तसं. पायदळी जायला नको, का कुनाच्या डोळ्याला दिसायला नको.

करुणा : मोहनराव, नका हो. कालव्यात नको.

मोहनराव : का? वाहतं पानी हाय. आमच्या देवाचं तिथंच सोडतो आमी. कमीपना केल्यागत न्हाय काय त्यात.

करुणा : कळतंय मला, तुम्ही मान ठेवूनच म्हणताय. पण वाटी हलवू नका. पाया पडते तुमच्या. वारं आहे बाहेर. ती उडाली, फाटली, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. तुम्ही माझी तक्रार करा. मी लिहून देते, आत्ता, शाळेच्या नावानं, सगळी चूक माझी म्हणून.

मोहनराव : लिहून दिलं तर तुमची कॅप्टनकी जाईल.

करुणा : जाऊ दे.

मोहनराव : नोकरीबी जाईल.

करुणा : कदाचित. पण वाटी खाली ठेवा.

सरूबाई : मोहन, हितं दे ती वाटी.

मोहनराव : आये, तू यात पडू नको.

सरूबाई : माझ्यासाठी आनली हुती पोरीनं. माझी हाय ती. मी ठरवीन. दे. हळू. हां. अगं बाई, पाया काय पडतीस, नोकरी काय सोडतीस.

करुणा : सोडीन, आजी.

सरूबाई : एवढी भ्यालीस? एवढ्याशा पापडीपायी?

करुणा : हो, आजी.

सरूबाई : मग असंल त्यात काहीतरी. माझ्या घरातला देव कुनी कालव्यात टाकतो म्हणलं असतं, तर मी बी अशीच पाया पडले असते. घे. अशी पुढं ये. पदरात नको, वंजळ कर. मी हातात देती.

(करुणा भाकर तोंडात ठेवते. वाटीत थोडं पाणी घालून विसळते आणि ते पाणीही पिते.)

मोहनराव : विसळलेलं पानी बी प्यायला?

करुणा : कणसुद्धा राहू नये म्हणून. आणि इथंच घेतली, म्हणजे वाटेत वाऱ्यावर न्यायला नको.

मोहनराव : लिहून-बिहून काय देऊ नका. पोरीचं नाव कागदावर नको मला.

करुणा : तिचं नाव नाही येणार. माझं येईल. वरिष्ठांना मला सांगावंच लागेल.

मोहनराव : तुमची मर्जी. आन् म्होरल्या क्यांपाला?

करुणा : रांग लागायच्या आधी सगळ्या मुलींना नीट समजावून सांगणार. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं मी.

मोहनराव : बैल गेला आन् झोपा केला.

करुणा : हो. खरंय. मोहनराव, तिला पथकात ठेवाल ना?

मोहनराव : ती ऐकनार हाय का माझं? क्यांपाला जायच्या आदल्या रात्री शिट्टी उशाला घेऊन झोपली हुती. ती उठल्यावर तिला काय सांगू, ते सांगा. आजीला जाईल म्हणून आनली तिनं.

सरूबाई : मी सांगती, खाल्ली म्हणून. म्हातारीच्या खोट्याला पाप न्हाय.

करुणा : नको आजी. मी थांबते ती उठेपर्यंत. मीच सांगते तिला. हेही सांगते, की घरच्या आजाऱ्याची आठवण ठेवायचं पथकात माझ्यासकट कुणाला सुचलं नाही, ते तिला सुचलं.

सरूबाई : रडशील तू.

करुणा : रडेन कदाचित.

सरूबाई : बरं, एक सांग. तुझा नवरा येतो न्हवं का दर रविवारी. त्यानं काय करायचं? समदी देवाम्होरं जात्यात आन् ह्यो एकटाच मागं बसून बघतो?

करुणा : नाही, तेही येतात रांगेत. फक्त हात पुढे करत नाहीत. असे छातीवर घेतात, एकावर एक. मग भाकर द्यायची नाही हे आम्हाला कळतं. डोक्यावर हात ठेवतो आणि प्रार्थना करतो त्यांच्यासाठी.

सरूबाई : कोन ठिवतं हात?

करुणा : फादर. ते नसले तर मी.

सरूबाई : त्याला दोन वर्सं शिकावं लागत न्हाय?

करुणा : नाही आजी. त्याला काहीच लागत नाही. कुणीही यावं.

सरूबाई : मोहन, ती उशी दे पाठीला. मला नीट बसव.

मोहनराव : आये, शेजारचं बघत्यात दारातनं.

सरूबाई : बघू द्यात. हां. डावा हात वर का उजवा गं?

करुणा : कसाही चालतो.

सरूबाई : मग ठेव. जरा दाबून ठेव, सकाळधरनं ठणकतंय.