भिजलेल्या चाळीस प्रतींबाबत

मी, वय ५६, धंदा नोकरी (ग्रंथपाल), राहणार वाचनालयामागची गल्ली, तिसरा मजला. समक्ष हजर राहून जबाब देते की, मी सदर वाचनालयात सव्वीस वर्षे काम करते. मुले मला बाई म्हणतात.

आमच्याकडे किशोरवयीन वाचकांसाठी एक पद्धत आहे. नवी कादंबरी परत करताना मुलाने तिच्याबद्दल खरे वाटेल ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे. नाव घालायचे नाही. पेटीला कुलूप असते आणि किल्ली माझ्याकडे. चिठ्ठ्या मी एकटी वाचणार आणि वर्षअखेरीला फाडून टाकणार, असा शब्द मी मुलांना दिलेला आहे.

मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या मी फाडल्या नाहीत. फार चांगल्या लिहिल्या होत्या, जिवावर आले. तक्रारदार लेखक त्या सुमारास वाचनालयात येऊन बसत. "बाई, आजची मुलं काय विचार करतात ते कळतच नाही हो. नुसती नजर टाकतो," असे ते म्हणाले. एवढा मोठा लेखक आपल्याकडे मागतो आहे, म्हणून मी हुरळले आणि गठ्ठा काढून दिला. आठ दिवसांनी त्यांनी तो परत केला.

घटनेच्या दिवशी, शनिवारी, सकाळी अकरा वाजता वरच्या सभागृहात त्यांच्या नव्या कादंबरीचे अभिवाचन होते. शाळेची साठेक मुले बसने आली होती. स्वाक्षरीसाठी चाळीस प्रती टेबलावर रचल्या होत्या. पुस्तक मी तोवर उघडले नव्हते. ही माझी चूक आहे.

लेखकांनी पान त्रेसष्ट वाचायला घेतले. दुसऱ्या वाक्यालाच मी ते ओळखले. ती चिठ्ठी होती, शब्दन् शब्द. एका मुलीने लिहिले होते की, बाबा घर सोडून गेल्यापासून ती पुन्हा अंथरूण ओले करते. आई पहाटे चादर धुते आणि काही न बोलता शाळेची बस चालवायला जाते.

बससुद्धा त्यांनी बदलली नव्हती. त्या शाळेत बस चालवणारी आई एकच आहे. चादरीच्या वाक्याला लेखकांनी दोन बोटांनी नाक धरले. मुले हसली. मग एकेक मान दुसऱ्या रांगेकडे वळली. तिथे जी मुलगी बसली होती तिला मी लाडाने वाळवी म्हणते, कारण ती आठवड्याला तीन पुस्तके फस्त करते. वय पंधरा.

ती उठून टेबलापाशी आली आणि म्हणाली, "हे तुम्हाला कुठून मिळालं?"

लेखक म्हणाले, "लेखकाला कान उघडे ठेवावे लागतात, बाळ."

यावर शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मुलीने पाण्याचा जग उचलून प्रतींवर ओतला. लेखकांच्या अंगाला तिने हात लावलेला नाही. त्यांच्या तक्रारीतली धक्काबुक्की साफ खोटी आहे. शर्टावर चार शिंतोडे उडाले असतील.

जिन्यात तिने मला विचारले, "बाई, तुम्ही दिलीत?"

मी हो म्हणाले. तिने वाचनालयाचे कार्ड माझ्या हातात ठेवले आणि ती खाली गेली. बसमध्ये बसली नाही, चालत गेली.

मी वर आले तेव्हा लेखक कोरड्या प्रती वेगळ्या काढत होते. "पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. पण पुढच्या भागाला विषय मिळाला बघा," असे ते मला हसून म्हणाले. मला त्या माणसाची किळस आली. एक प्रत उघडली तर पहिल्याच पानावर माझे आभार मानलेले. माझीही किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पाण्याने अकरा प्रती खराब झाल्या होत्या. उरलेल्या एकोणतीस मी स्वतः उचलून फरशी पुसायच्या बादलीत बुडवल्या. एका खेपेत मावल्या नाहीत, म्हणून तीन खेपा केल्या. सव्वीस वर्षांत मी पुस्तकाचे पान दुमडलेले नाही. मला पश्चात्ताप नाही. मुलीविरुद्धची तक्रार रद्द करावी आणि काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी.

हवालदार वरील जबाब मला वाचून दाखवत असताना मुलीची आई बाकावर बसलेली होती. चादरीचा मजकूर आला तेव्हा तेवढा मनात वाचा, अशी मी विनंती केली. आई म्हणाली, "मोठ्यानं वाचा, साहेब. सगळ्या हॉलनं ऐकलंय. मीच तेवढी बाहेर बसमध्ये बसले होते."

त्याप्रमाणे तो मजकूर मोठ्याने वाचण्यात आला. जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि खरा आहे.