दर रविवारी दोन चुका

आमच्या गल्लीतला सुहास मिशनरी हुऊन जर्मनीला गेलाय न्हवं का. तिथं शेजारची एक रिटायर मास्तरीण त्याला जर्मन शिकवती. म्हातारी देवाला मानत न्हाय. पण हा चर्चमध्ये उपदेशाला उभारला की ही पहिल्या बाकावर बसून लाल पेनानं त्याच्या चुका लिहून घेती.

परवा सुट्टीला कोल्हापुरात आलता, तवा म्हटलं, "दोन वर्सं झाली, अजून चुकतोस व्हय रं?"

"न्हाय रं. पण चुका संपल्या तर म्हातारी यायची बंद हुईल. म्हणून दोन मुद्दाम करतो."

"आन तिला कळत न्हाय?"

"मला बी तसंच वाटायचं. गेल्या रविवारी तीन झाल्या. म्हणाली, दोन नेहमीच्या, तिसरी मातर खरी चुकलास."