पंचवीस वर्षांची बॅग

विमानात चढायच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी उभ्या होत्या. थोरलीकडे चकचकीत, महागडी केबिन बॅग होती, तर धाकटीकडे सेलमध्ये घेतलेली साधी.

“ताई, माझ्या बॅगेच्या चौपट किंमत आणि मावतं तेवढंच.”

“तेवढंही नाही. अस्तराला डाग पडेल म्हणून माझ्या औषधाची बाटली मी तुझ्याच बॅगेत टाकलीय.”

“मग घेतलीस कशाला?”

“चाकं बघून भुलले. दुकानदाराने एका बोटाने ढकलून दाखवली. मघाशी उतारावर माझं बोट सुटलं, तर बाईसाहेब निघाल्या एकट्याच. मी मागे धावतेय आणि लोक बॅगेला अडवायचं सोडून तिला वाट करून देतायत.”

“जन्मभर पिशवीला गाठ मारून फिरलीस.”

“म्हणूनच तर भुलले. त्यात पंचवीस वर्षांची गॅरंटी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला. सांगताना तो हसला नाही, म्हणून मीही गंभीर चेहरा करून घेऊन टाकली.”

“आणि उद्याच्या ऑपरेशनचं काय? मागच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले? मला तर तू बाहेरच बसवलंस.”

“विचारलं मी त्यांना. ही बॅग दाखवूनच विचारलं. म्हटलं, दुकानदार पंचवीस वर्षांची देतो, तुम्ही किती वर्षांची देता?”

“मग?”

“त्यांनी बॅगेचं हँडल वर-खाली करून पाहिलं. मग म्हणाले, बॅग छान आहे.”

रांग पुढे सरकली.

“दे ती इकडे, मी ओढते.”

“हळू ओढ गं, ओरखडा येईल.”

“येऊ दे.”